साय काढलेली बासुंदी

"गोड कमी हाय, चव कमी न्हाई," असं म्हणत ती वाटी पुढं करायची. समोरच्यानं पहिला घास गिळेपर्यंत तिथंच उभी राहायची, त्याच्या तोंडाकडं बघत.

जवळा बाजारला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहायला आली. नवरा सिद्धेश्वर धरणावर नोकरीला. त्याआधी आमच्या गल्लीत गोड म्हणजे मी. बारसं असो, साखरपुडा असो, गुलाबजाम माझ्याच हातचे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. तिच्या शेजारी दुसरी आली की काय होतं, तेही तुम्ही पाहिलं असेल.

ही गुलाबजाम तळायचीच नाही. आप्पेपात्रात थेंबभर तुपावर भाजायची. मी हसले. "पोरी, हे गुलाबजाम हायेत का दवाखान्याच्या गोळ्या?" तीही हसली, आणि आमच्या ह्यांना आणखी एक वाढला.

ह्यांना त्याच वर्षी शुगर निघाली होती. माझ्या हातचं बंद झालं आणि तिच्या हातचं सुरू. संध्याकाळी हे दारात खुर्ची टाकून तिच्या वाटीची वाट पाहायचे. एकदा म्हणाले, "तू काहून शिकत न्हाईस तिच्याकडून?" एकतीस वर्षांच्या संसारात एवढं कुठलंच बोलणं मला लागलं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चार बायकांत बोलून गेले, "साखर टाकते ती लपून. उगं एवढं गोड लागतं व्हय?"

तिच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी ती आली ती रिकाम्या हातानं. "काकू, चला. गॅसपाशी बसा आन् पाहा, काय काय पडतं ते."

मी जाऊन बसले. साय काढलेलं दूध, दुधीचा वाफवलेला कीस, मोजून दोन खजूर, वेलची. बाकी काही नाही. ढवळता ढवळता म्हणाली, "माझ्या बापानं शेवटी बासुंदी मागितली होती. शुगरनं पाय गेलता त्याचा. आमी दिली न्हाई, काकू. तवा अशी करता येते, हे ठाऊकच नव्हतं."

तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटलं. तेवढ्यात ह्यांनी अंगणातून हाक मारली, "झाली का गं पोरी बासुंदी?" माझा हात मांडीवरच राहिला. माफीही राहिली.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामानाचा टेम्पो भरल्यावर ती माझ्या पाया पडली. "काकाचं पथ्य सांभाळा," एवढंच म्हणाली.

आता ती बासुंदी मी करते. परवा एका बारशाला केली, तर बायकांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. एकीनं विचारलं, "कोणी शिकवली हो?"

"कोण शिकवतंय? केली आपल्या मनानं."

तुम्हाला मात्र सगळं खरं सांगितलं. तरी पाहा, तिचं नाव काही मी अजून घेतलेलं नाही.