सुकलेल्या समुद्राचा पडदा

आमच्या घरी आरतीच्या पुस्तकांची नव्हे, पत्रकांची थप्पी असायची. करणी, भानामती, बुवाबाजी — सगळ्यांविरुद्धची. आठवीत असताना अंगात आलेल्या एका बाईच्या हातात मी तसलं पत्रक ठेवून आले होते. म्हणून आधीच सांगते, हा भोळ्या माणसाचा अनुभव नाही. ही माझ्या चुकीची जाहीर कबुली आहे.

आर्वीजवळच्या रोहणा गावचे पुंडलिककाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी आठवीत होते त्याच वर्षी, नव्वदीच्या दशकात, आर्वीच्या एका फोटो स्टुडिओनं त्यांना मागचा पडदा रंगवायला दिला. समुद्रकाठचं झोकदार गाव हवं होतं, नव्या जोडप्यांना पुढे उभं करायला. काकांनी नागपूरच्या पुढचं काही पाहिलेलं नव्हतं.

पडदा द्यायला काकांबरोबर मीही स्टुडिओत गेले. पडदा उघडला... कमानींचा पांढरा महाल, घड्याळाचा मनोरा, भिंतीवरून वाळूत उतरणाऱ्या पाच दगडी पायऱ्या, त्यातली तिसरी फुटलेली. आणि समुद्र? पार लांब, एका रेघेएवढा. होड्या चिखलात कलंडलेल्या.

"पेंटर, समुद्र वाळला का तुमचा?" स्टुडिओवाले शेठ हसले. "भिंतीपर्यंत पाणी भरून द्या."

"पाणी गेलं हाये, येईन वापस," काका म्हणाले. "मले दिसून राह्यलं तसं काढलं."

"न पाहिलेलं दिसत नसतं, काका. भरा पाणी," — हे मी म्हणाले. भर दुकानात. ओहोटी पुस्तकात वाचली होती, पण पाणी इतकं दूर जातं हे कुणाला ठाऊक? आमच्याकडे आटतं ते धरण, मे महिन्यात.

काकांनी पाणी भरलं नाही, ब्रश धुऊन ठेवला. पडदा मागच्या खिडकीला उलटा टांगला गेला. अख्खी आर्वी त्यांना 'सुक्या समुद्राचा पेंटर' म्हणू लागली. पुढे त्यांनी फक्त अक्षरं रंगवली, चित्र एकही नाही.

दहा-बारा वर्षांनी एका शिबिरासाठी मी किनाऱ्यावरच्या एका महागड्या गावी गेले. नाव देत नाही. हॉटेलवाले उद्या याचीच जाहिरात करतील. काचेच्या तळाच्या होड्या, शिंपल्यांची दुकानं बघत भरदुपारी एका वळणावर आले आणि थांबले. कमानी. मनोरा. कलंडलेल्या होड्या. पायऱ्या मोजल्या — पाच. तिसरी फुटलेली.

तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं इतिहास सांगितला. आधी एका संस्थानिकाचा उन्हाळी महाल, मग गोऱ्या साहेबांचा क्लब, आता हॉटेल.

"आणि या पायऱ्या?"

"त्या वाळूखाली होत्या, ताई. माझ्या बापानंही पाहिल्या नव्हत्या. गेल्या पावसाळ्यातल्या वादळानं उघड्या पडल्या."

मी फोटो काढले आणि परतल्यावर काकांना घेऊन थेट स्टुडिओत गेले. खिडकीवरचा पडदा सुलटा करायला लावला, फोटो शेजारी धरला. शेठनं बोटानं दोन्हीकडच्या पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग स्वतः स्टुलावर चढून त्यांनी पडदा समोरच्या भिंतीवर लावला. "या पेंटर, पहिला फोटो तुमचाच."

हे कसं झालं? मी खूप खोदून पाहिलं. कॅलेंडर, मासिकं, कुणी सांगोवांगी... वाळूखालची फुटकी पायरी कुठेच सापडली नाही.  पण माफी मात्र मी त्याच दिवशी मागितली — भर दुकानात.

काका पडद्यापुढच्या खुर्चीत ऐटीत बसले. बसण्याआधी त्यांनी चपला काढून उंच फळीवर ठेवल्या.

"चपला काऊन काढल्या?" शेठनं विचारलं.

"भरतीची वेळ झाली," काका म्हणाले.