दोन रेघांचा पाइप

शनिवारी सकाळी पुण्याहून कराडची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत एक लाकडाचा ठोकळा होता आणि एक फसलेला पाइप.

प्रकरण असं. माझे सासरे आप्पा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात राहतात. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, तरी पाइप काही सुटला नाही. रिकामाच तोंडात धरून ते पेपर वाचतात. गेल्या दिवाळीत तो पाइप खुर्चीवर होता आणि मी न बघता त्याच्यावर बसलो. वर ऐटीत म्हणालो, "काळजी करू नका आप्पा, माझ्या हातानं नवा करून देतो."

आप्पांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी व्हय, जावईबापू?"

सासऱ्याच्या 'तुमी'मध्ये किती अपमान मावतो, ते जावई झाल्याशिवाय कळत नाही. मी हट्टाला पेटलो.

पुण्यात छंद लावून घ्यायचा म्हणजे आधी एप्रन घ्यावा लागतो. मी घेतला. मग गॉगल, मास्क, बाल्कनीत लाकूड कातायचा लेथ आणि परदेशातून मागवलेले खास पाइपाच्या लाकडाचे तीन ठोकळे. आम्हा छंदवाल्यांचा एक ग्रुप आहे. तिथं लोक लाकडाच्या आत्म्याबद्दल बोलतात. मीही बोलायला लागलो. पहिला ठोकळा तडकला. दुसऱ्याचा पाइप झाला, त्यावर मी झोकात माझं नावही कोरलं, पण त्यातून फुंकर काही जाईना. आत्मा अडकला असावा.

उरला तिसरा ठोकळा, आणि रविवारी आप्पांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. शेवटी बायकोच म्हणाली, "आप्पांच्या गावात, कुंडलला, इलाहीभाई म्हणून चांगले कातारी आहेत (लाकूड कातणारे कारागीर). त्यांच्याकडून करून आणा." ती सरळ साताऱ्याला गेली आणि मी कुंडलला. पाइप माझ्याच हातचा म्हणून द्यायचा, हा बेत मात्र माझा. आप्पा वीस वर्षांत गावाकडे फिरकले नव्हते, म्हणजे धोका नव्हता.

कराडच्या स्टँडवर मिसळ खाल्ली आणि घाम पुसत तासगावच्या गाडीत शिरलो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी चौकशी केली.

"कुनाकडं निगालाय?"

"इलाहीभाई कातारी. पाइप करून घ्यायचाय."

"बोअरचा?"

मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी तंबाखू न्हाईच, नुसता वारा ओढायचा? त्यासाठनं पुण्यासनं आलाय?" आणि पुढं कुंडल येईपर्यंत ते मान हलवत राहिले.

इलाहीभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे असं सगळं भिंतीला टेकून उभं होतं. एका कोपऱ्यात त्यांच्या पत्नी हमीदाबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी माझा दुसरा पाइप नमुना म्हणून काढला. इलाहीभाईंनी तो तोंडाला लावला, गाल आत गेले, डोळे बाहेर आले.

"साहेब, भोक वाटीच्या बुडाला मिळाया पायजे. तुमचं बगलंतनं गेलंय. वारा यायचा कुठनं? ओढून बगितला न्हाई व्हय?"

"मी ओढत नाही."

"मंग ज्याला ओढायचा, त्याला तरी इचारायचं." त्यांनी पाइप फिरवून पाहिला. "नाव मात्र झ्याक कोरलंय."

मी तिसरा ठोकळा मुकाट्यानं पुढं केला. तो विजेच्या लेथवर चढला आणि लाइट गेली. मी घड्याळ पाहिलं. रात्रीच्या आत साताऱ्याला पोचायचं होतं. इलाहीभाई मात्र शांतपणे उठले आणि मागचा जुना दोरीचा लेथ पुढं ओढला. त्यावर एकानं लाकडाला गुंडाळलेली दोरी पुढं-मागं ओढायची आणि दुसऱ्यानं हत्यार धरायचं.

"दोरी हीच ओढती. पर हिचा खांदा धरलाय."

हमीदाबींनी मान वर केली. "सायबास्नी ओढू दे की. हात मोकळंच हायेत."

ओढली. पहिल्या हिसक्यात ठोकळा उडून तांदळात पडला. "आवं, हिसका नगं! ताक घुसळल्यागत ओढा," हमीदाबी ओरडल्या. तासाभरात तळहातांना फोड आले. मधे त्यांनी भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला. फुटलेल्या फोडांत खर्डा गेला की माणूस लाकडाच्या आत्म्याबद्दल बोलत नाही.

वाटी झाली, नळी झाली, गिरमिटानं भोक बरोबर बुडाशी पोचलं. शेवटी इलाहीभाईंनी वाटीच्या गळ्याशी दोन बारीक रेघा कातल्या. "ही हत्याराची, ही दोरीची. आमच्या कुंडलात दोनी घालत्यात. तीस वर्सं दुसरी हिची हाय. आज तुमची."

"छान, नक्षी शोभून दिसते," मी म्हणालो. इतका मी शहाणा!

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात आप्पांना ओवाळून झालं आणि मी पाइपाची डबी पुढं केली.

"घ्या आप्पा. सगळा माझ्या हातचा."

आप्पांनी पाइप उजेडात धरला. अंगठा वाटीच्या गळ्यावरून फिरला आणि तिथंच थांबला.

"रेघा दोन हायेत, जावईबापू. तुमची कंची?"

कुंडलमध्ये जन्मलेल्या माणसाला फसवायला मी कुंडललाच गेलो होतो! लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. मी तळहात उघडून पुढं केले.

"दोरीची," मी म्हणालो.

आप्पांनी फोड पाहिले. मग पाइप तोंडात धरून एक लांब झुरका घेतला. वारा सुरळीत आला.

"मंग तसंच सांगायचं की! दोरी वडनं काय कमीपना हाय व्हय? बसा, शिरा खावा." त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली. बसण्याआधी मी ती नीट पाहून घेतली.

परतीच्या गाडीत मी बायकोला हमीदाबींची गोष्ट रंगवून सांगितली. तीस वर्षं दोरी ओढली, पण त्या बाईचं नाव कुणाला माहीत नाही, वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकलं.

"आणि आपल्या बाल्कनीतला भुसा वर्षभर कोण काढतंय?" तिनं विचारलं.

घरी आल्यावर एप्रन न घालताच लेथ सुरू केला आणि त्या बिनवाऱ्याच्या पाइपावर, माझ्या नावाच्या खाली, दोन रेघा घातल्या. दुसरी जरा वाकडी आली. "ही तुझी," म्हणत बायकोला नेऊन दाखवली.

तिनं ती बोटानं चाचपली, दाराआडची केरसुणी काढली आणि माझ्या हातात दिली. "आता हा भुसा तुम्ही काढा."