दारातली बाळंतीण
वेलदोडा घातलेल्या खरवसाची वाफ नाकात शिरली की मी आजही आधी दाराकडे बघतो. आंदर मावळातल्या एका गोठ्यात मी अडकलो होतो, तो खरवसाच्या चिकापायी. वराळ्याच्या कारखान्यात अकरा वाजता मोठे साहेब येणार होते आणि बढतीसाठी त्यांना ताजा चीक भेट द्यायचा, असा माझा थोर बेत होता. गोठ्याच्या मालकीण मावशी चीक काढून बाहेर गेल्या, मी पारडू बघायला आत रेंगाळलो, आणि नुकतीच व्यालेली म्हैस दावं ताणून नेमकी एकुलत्या एका दारात बसली. खिडकी हातभर, फोनला रेंज नाही, मानेवर गोमाश्या, आणि समोर काळा कातळ रवंथ करतोय. "मावशी, उठवा हो हिला, नोकरीचा प्रश्न आहे," मी खिडकीतून ओरडलो. "बाळंतीण हाय ती. बसल्याली उठवायची न्हाई." "मग मी निघू कधी?" "ती उठंल तवा. तुमी बी टेका की जरा, किती दिसांनी बसला असाल." अकरा वाजले, बारा वाजले. खिडकीतून त्याच चिकाच्या खरवसाची ताटली आली. साहेबांचा वाटा मी गवताच्या भाऱ्यावर बसून संपवला आणि चक्क झोपलो. दुपारी म्हैस उठली. धापा टाकत कारखान्यात पोचलो, तर मीटिंग छान पार पडली होती आणि मी नव्हतो हे साहेबांच्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा ते फार लागलं. आता रविवारी मी फोन बंद ठेवतो, आणि सोमवारी कुणी जाब विचारलाच तर सांगतो, दारात म्हैस बसली होती.