पुढचं यान गाठायचं कसं, हे मी चुकीचं शिकवलं

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून अंतराळावरचं एक पुस्तक चाळत होतो आणि माझीच चूक सापडली.

शेजारच्या आठवीतल्या वैष्णवीला मी सांगितलं होतं, की अंतराळात पुढचं यान गाठायला मागच्याने वेग वाढवायचा. पुस्तकात उलटंच! वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत जातं आणि मागे पडतं. गाठायचं तर आधी ब्रेक लावून खालच्या, लहान कक्षेत उतरायचं. तिथे फेरी लवकर पूर्ण होते. मग वर येऊन जोडायचं.

आणि आजच तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, तिथे ती हेच मांडणार होती. माझ्यामुळे पोरगी तोंडघशी पडणार! शेअर ऑटोने इथे चेन्नईतल्याच वेलचेरी भागात, तिच्या शाळेत धावलो. परीक्षक तिच्या टेबलाशी उभे होते आणि ती अगदी बरोबर सांगत होती.

ते गेल्यावर म्हणाली, "अय्यो काका, तुमचं चुकलंय हे मंगळवारीच कळलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. एवढे धावत कशाला आलात? ब्रेक लावला असता तर लवकर पोचला असता!"

देवाला मनोमन हात जोडले आणि पोटभर हसलो. मग तिला म्हटलं, "वाईट वाटू दे, पण सांगत जा."

तुमची चूक तुम्हाला न घाबरता सांगेल, असं एखादं मूल तुमच्या घरात आहे का?