कोनं धाडलं तिले?

रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी गावात शिरल्यावर दुरपताबाई कधीच सरळ आपल्या घरी जात नसत. दिवसभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावून आलेल्या बायांची टोळी मागे आणि ह्या पुढे. प्रत्येकीच्या दाराशी थांबायचं आणि आत हाक घालायची, "घ्या वो, तुमची बाई आणली!" आतून कुणीतरी "हो, आली" म्हणेपर्यंत पाऊल हलायचं नाही. एखाद्या घरातला म्हातारा बहिरा असला, तर ओटा चढून त्याच्या कानात ओरडून सांगायच्या. टोळी जमवायच्या त्याच, शेतमालकाशी बोलणी करायच्या त्याच. त्यामुळे सकाळी ज्या दारातून बाई नेली त्या दारात तिला परत पोचवणं, हे त्या कामाचाच भाग समजत.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा नवऱ्याची नोकरी गोंदियाच्या वाट्याला गेली आणि मी भंडाऱ्याच्या वाट्याला राहिले. करडीच्या पुढच्या त्या गावात शाळा मिळाली, भाड्याची खोली मिळाली आणि पहिल्याच पावसात रस्त्याच्या चिखलात एक चप्पल गेली. मी एका पायावर उभी राहून शिक्षण खात्याला शिव्या देत होते, तेवढ्यात मागून टोळी आली. दुरपताबाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि थेट घरमालकाच्या दारात नेऊन उभं केलं. "घ्या पाटील, तुमची मास्तरीन बी आणली! चप्पल उद्या शोधून देतो." दुसऱ्या दिवशी चप्पल धुतलेली मिळाली. वर सल्लाही मिळाला. "मॅडम, तुमी चिमणीवानी खाता. मंग पोरायवर वाघावानी कशा वरडान?"

उंच, काटक, आवाज असा की धानाच्या दोन बांध्यांपलीकडच्या शेतातला बैल थांबावा. मी त्यांना मावशी म्हणायची. त्या मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाल्या, पण रागवायच्या मात्र लेकीला रागवावं तशा. "न्याले सगळ्यायले येते, मॅडम," असं त्या नेहमी म्हणत. "आणून पोचवता आलं पायजे." शाळेची सहल काढली तेव्हा त्यांनी मला हे इतक्यांदा ऐकवलं की मी चिडून म्हटलं, मावशी, मीही शिकलेली बाई आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हनूनच सांगून राहिलो."

हे नुसतं बोलणं नव्हतं, हे मला कौसल्येच्या वेळी कळलं. कौसल्या त्यांच्या टोळीतली तरणी बाई. शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून भाकर खाताना तिला साप चावला आणि भंडाऱ्याला पोचायच्या आत ती गेली. ज्याच्या बांधीत हे झालं तो शेतमालक त्याच दिवशी काम काढून तुमसरला निघून गेला. दुरपताबाई मात्र चिखलाच्या पायांनी कौसल्येच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मीच नेली होती. तुमची बाई आणली नाई मी." कौसल्येच्या सासूनं त्यांना छातीवर बुक्क्या मारल्या, नाही नाही ते बोलली. ह्या हलल्या नाहीत. नंतर गावातली माणसं समजवायला लागली, बाई, तुझा काय दोष, साप काय तू सोडला होता? तेव्हा म्हणाल्या, "साप मीनं नाई धाडला. बाई मीनं नेली होती."

पुढच्या रोवणीला त्याच सासूनं आपली धाकटी सून दुरपताबाईंच्या टोळीत घातली. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायला ती तयार नव्हती.

दुरपताबाईंचा मुलगा रमेश तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाल. आठवड्यातून एकदा घरी यायचा. घर खरं चालायचं ते सासू आणि सून मिळून. सून वैशाली दहावी झालेली, बारीक, हसरी. गावात आशा सेविकेचं काम निघालं तेव्हा दुरपताबाईंनीच तिला पुढे केलं. लसीकरणाच्या दिवशी त्या स्वतः गल्लीतून ओरडत जायच्या, "आमची वैशू आली, लेकरं काढा, सुई घ्या!" वैशाली लाजून म्हणायची, "आई, सुई मी देत नाही, सिस्टर देतात." "देनारी कोनी असो, बोलावनारी तं तूच ना!" सुनेचं एवढं कौतुक करणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. माझ्या सासूबाईंना मी हे सांगून पाहिलं होतं, उपयोग झाला नाही.

त्या वर्षी ऑगस्टात पाऊस थांबतच नव्हता. नाल्यापलीकडच्या टोलीवर, रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून जायच्या त्या वस्तीत, एका बाळंतिणीला ताप होता. सकाळी आरोग्य केंद्रातून वैशालीला फोन आला. तिचे हात कणकेत, म्हणून सासूनं फोन तिच्या कानाशी धरला. वैशाली म्हणाली, सर, रपट्यावर पाणी आहे. तिकडून डॉक्टर म्हणाले, ओसरेल, आजच जाऊन ये, संध्याकाळपर्यंत मला वर कळवायचं आहे. ती गेली. बाळंतिणीला पाहिलं, गोळ्या दिल्या, गाडीची सोय झाल्याशिवाय हलवू नका म्हणून घरच्यांना बजावलं. परत येताना रपट्यावर पाण्यानं तिला ओढून नेलं. ती बाळंतीण जगली. वैशाली दुसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ सापडली. तिची पोर पिंकी तेव्हा माझ्याच वर्गात, दुसरीत होती.

मातीला सगळं गाव आलं, आजूबाजूच्या गावांतल्या आशा आल्या. आरोग्य केंद्रातून कुणी आलं नाही. चार दिवसांनी निरोप आला: वैशाली स्वतःच्या मनानं गेली होती, तिला कुणी पाठवलं नव्हतं. तरी सहानुभूती म्हणून काही मदत लवकर मिळेल, घरच्यांनी तसं लिहून द्यावं. रमेश खचलेला होता. लिहून देऊ म्हणाला. कुणाशी भांडायचं आणि कशाच्या जोरावर, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दुरपताबाईंनी पिंकीला मांडीवर घेतलं होतं. तिचे केस विंचरत त्या म्हणाल्या, "अरे, मंग हे पोरगी मोठी होईन तवा काय आयकन? का तिची माय बावळट होती, पुरात आपल्या मनानं गेली?" रमेश रडायला लागला. कुणीच काही लिहून दिलं नाही.

मग आमच्या खेपा सुरू झाल्या. तालुक्याला, भंडाऱ्याला, या टेबलावरून त्या टेबलावर. दुरपताबाईंचा प्रश्न सगळीकडे एकच. "कोनं धाडलं तिले?" एक जण म्हणाला, ती नोकर नव्हती, मानसेवी होती. बसमध्ये त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, मानधनावर सेवा करणारी, पगारी नोकर नाही. त्या म्हणाल्या, "हुकूम देतानी त्यायची, अन् मेली तं आमची?" मी संतापी बाई. त्या डॉक्टरला तुरुंगात घातलं पाहिजे, असं मी येता-जाता म्हणत असे. त्या मला गप्प करायच्या. "तुरुंगात बसून तो बी म्हनन, मीनं नाई धाडलं. मले त्याच्या तोंडून आयकाचं हाये."

आशांनी कचेरीसमोर धरणं धरलं, वर्तमानपत्रात बातमी आली, तेव्हा कुठे भंडाऱ्याला चौकशी लागली. मोठे साहेब टेबलामागे. बाजूला तो डॉक्टर. मी मनात राक्षस रंगवला होता. हा तर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, दाढी वाढलेला, नजर जमिनीत. साहेबांनी विचारलं, आजी, तुमचं म्हणणं काय? दुरपताबाई साहेबांशी बोलल्याच नाहीत. त्या डॉक्टरकडे वळल्या आणि त्यांनी कौसल्येची सगळी गोष्ट त्याला सांगितली. बुक्क्या खाल्ल्या तेही सांगितलं.

"मीनं म्हनलं, मी नेली होती," त्या म्हणाल्या. "म्हनल्यानं माणूस मरत नाई, बापा. पाहा, मी जितीच हावो. फोन मीच धरला होता तिच्या कानाशी. तुमचा आवाज मले आजबी वळखू येते. पन मी सांगून काय होते? तुमी सांगा."

डॉक्टरनं मान वर केली नाही, पण बोलला. "मी पाठवलं होतं. पाणी आहे असं ती म्हणाली होती. तरी मी जा म्हटलं." मग म्हणाला, "वरून सारखे फोन येत होते. एकही बाळंतीण सुटता कामा नये म्हणून."

आता दुरपताबाई त्याला बोल लावतील असं वाटलं. त्या सावकाश टेबलाकडे वळल्या. "आयकलं ना, साहेब? यानं आपलं सांगतलं. आता याले कोनं म्हनलं, ते तुमी सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियमांचं काहीतरी बोलायला लागले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "आम्हीच म्हटलं होतं. तुमची सून आमच्या कामावर गेली होती, आजी. आमच्या कामावर असतानाच ती वारली." आणि समोरच्या माणसाला त्यांनी तसं लिहून घ्यायला सांगितलं. डॉक्टरवर कारवाई होईल, असंही ते म्हणाले. त्यावर दुरपताबाई एवढंच बोलल्या, "जे करायचं ते करा. पन पुढं कोनाची लेक धाडान, तं आधी नाल्यावर जाऊन पानी पाहून या म्हना याले. अन् तुमीबी जा."

बाहेर आशा जमल्या होत्या. त्यांनी घोषणा दिल्या, कुणी पेढे वाटले. रमेशनं आईच्या पायावर डोकं ठेवलं. दुरपताबाई सगळ्यांशी नीट बोलल्या, कुणाच्या लेकराची चौकशी केली, कुणाला पोचेपर्यंत अंधार होईल म्हणून लवकर निघायला लावलं. त्या आज हयात नाहीत. गेल्या उन्हाळ्यात थोड्याशा आजारानं गेल्या. त्यांची आठवण निघाली की गावातले लोक त्या दिवशी साहेबाला कसं बोलल्या तेच सांगतात. मी सांगत नाही, कारण मला त्यानंतरची बस आठवते.

आम्ही शेजारी बसलो होतो. रमेश मागे उभा होता. कारध्याच्या पुलावर गाडी आली. खाली वैनगंगा दुथडी भरून चालली होती. नाल्याचं पाणी शेवटी तिथेच जातं. दुरपताबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कधी नव्हे ते इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं.

"मॅडम, आता रडू का?"