चौथ्या पानावरचं नाव

पडदा वर जातो. परळमधलं एक जुनं सभागृह, दुपारची वेळ. मागे निळं कापड, त्यावर झेंडूच्या फुलांत 'साप्ताहिक हाळी, पंचाहत्तर वर्षं'. टेबलावर शाली, पाण्याच्या बाटल्या. आणि रंगमंचाच्या बरोबर मध्यावर, जिथे उजेड सगळ्यात चांगला पडतो तिथे, वर्धापनदिन विशेषांकाचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांवर ठाण मांडून बसलेल्या राधाबाई तांबे.

सूत्रसंचालनासाठी मला बोलावलं होतं. लालबाग-परळच्या कामगार नाटकांतून मी पुष्कळ सिंहासनं पाहिली, पुठ्ठ्याची नि लाकडाची. इतक्या रुबाबात त्यांवर कोणी बसलेलं मला आठवत नाही.

"काकू, उठा ना," हर्षवर्धन हात जोडून म्हणत होता. हा 'हाळी'चा आजचा संपादक, संस्थापक आनंदा सकपाळांचा नातू. "पाहुणे दादरपर्यंत आलेत. प्रकाशन कशाचं करू?"

"चौथं पान कुठाय?"

"आहे की. शुभेच्छांचं केलंय."

"मी पान विचारलं. पुढाऱ्यांचे फोटो नाही विचारले."

"या वेळी नावं वेबसाइटवर टाकलीत, काकू. तिथे हवी तेवढी जागा आहे."

"मग फोटो टाक तिकडं! जागा आहे म्हणतोस ना?"

मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. पब्लिक कोणाच्या बाजूने आहे हे मला शिट्टीवरून कळतं.

आनंदा सकपाळ गोदीत हमाल होते. एका अमेरिकन बोटीवरच्या काळ्या खलाशाने त्यांना आपल्या लोकांचं वर्तमानपत्र दिलं. इंग्रजी कळेना, म्हणून ते घेऊन आनंदा नायगावच्या एका मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणाले, "तिकडे गोऱ्यांचे पेपर काळ्या बाईला नुसत्या नावाने छापतात. हा पेपर तिच्या नावाआधी 'मिसेस' लावतो." आनंदांनी तेवढं एकच पक्कं धरलं. 'हाळी' काढली तेव्हा चौथं पान त्यांनी वस्तीला दिलं. जन्म, लग्न, मृत्यू, आणि माणूस कोणीही असो, नाव पूर्ण आणि मानाने. गिरणीत ज्या दलित बायांना मुकादम "ए झाडू" अशी हाक मारायचा, त्या चौथ्या पानावर 'श्रीमती' झाल्या.

राधाबाईंची आई लक्ष्मी त्यातलीच. गिरणीतच ती गेली. एका मोठ्या पेपरात कोपऱ्यात आलं, 'गिरणीत बाई दगावली'. 'हाळी'त आलं, 'श्रीमती लक्ष्मी गणपत तांबे यांचे दुःखद निधन'. राधाबाई तेव्हा शाळेत होत्या. पुढे त्यांनी लग्न केलं नाही, चौथं पान केलं. चाळीचाळींचे जिने चढून नावं आणायची आणि शनिवारी अंक घरोघर पोचवायचा. वस्तीत एक रीतच पडली. माणूस गेलं की जलदान विधीच्या दिवशी त्याच्या फोटोपाशी ते पान ठेवायचं, आणि घरातल्या कोणीतरी उभं राहून नाव वाचायचं.

त्या आठवड्यात नलू मोहिते गेली होती. गिरणीत लक्ष्मीबाईंच्या जोडीने झाडणारी, त्या बायांतली मागे उरलेली एकटीच. तिचा नातू अभिषेक बदलापूरहून खास पानासाठी येऊन बसला होता. तो उभा राहिला.

"सर, उद्या आजीचं जलदान आहे. फोटोपाशी काय, मोबाइल ठेवू?"

सभागृह हसलं. मग तिसऱ्या रांगेतली एक बाई पदर खोचून वर आली आणि राधाबाईंच्या शेजारच्या गठ्ठ्यावर बसली. तिच्यामागून दुसरी आली, मग बऱ्याच आल्या. गठ्ठे दिसेनासे झाले.

तेवढ्यात पाहुणे आले. चौथ्या पानावर सगळ्यात मोठा फोटो त्यांचाच. सगळे उठून उभे राहिले, गठ्ठ्यांवरच्या बाया सोडून.

"जय भीम, साहेब," राधाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बसा. पेपर अजून निघायचाय."

हर्षवर्धनने माझ्याकडे पाहिलं. पोरगा वाईट नाही, मध्ये सापडला होता बिचारा. मी माईक तोंडाजवळ नेला. "रसिकहो, छोटंसं मध्यंतर!"

तो स्वतः धावला. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोबाइलवरची नावं छापून आणली. कागद अजून गरम होते. एका बाजूला छापलेला साधा कागद, पण वर ठळक 'पान चौथे'. बायांनी एकेक कागद एकेका अंकात सारला. पाहुणेही बाह्या सरसावून घड्या घालायला लागले. त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग राधाबाई उठल्या. पहिला अंक अभिषेकच्या हातात दिला.

"वाच."

"उद्या वाचणारच आहे, मावशी."

"उद्या घरात वाच. आज यांना ऐकू दे."

त्याने वाचलं. "श्रीमती नलिनी भिवा मोहिते. झाडूखाते." सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

आता सत्कार. हर्षवर्धनने लिहून दिलेला कागद मी उघडला आणि माझ्या जुन्या खर्जातल्या आवाजात पुकारलं, "यानंतर आपल्या सर्वांच्या लाडक्या राधाकाकू!"

टाळ्या पडल्या. पाहुणे शाल घेऊन पुढे झाले. राधाबाई जागच्या हलल्या नाहीत. कंबरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काकू मी ह्या हर्षवर्धनची. तुम्ही पेपरात छापतो तसं म्हणा, श्रीमती राधा लक्ष्मी तांबे. आणि मोठ्याने म्हणा, मागे ऐकू गेलं पाहिजे."