ओरडण्याआधी काय झालं?

लग्न होऊन मी मंगळवेढ्याहून सोलापुरात आले, तेव्हा माझी नणंद आठ-नऊ वर्षांची असेल. सात रस्त्याच्या मागच्या एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. सासरे गिरणीत, आमचे हे एका दुकानात कामाला. घरात सासूबाई, मी आणि ती. रीतीप्रमाणे मी तिला वन्सं म्हणायची. ती कशालाच ओ देत नसे. तिला बोलता येत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. दिवसभर भिंतीला टेकून डोलत बसायची, आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला किंचाळायला लागायची. ते किंचाळणं असं, की बोळातली माणसं खिडक्या लावून घ्यायची. ती स्वतःच्या मनगटाला चावायची. मनगटावर कातडी जाड होऊन काळी पडली होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "लई हट्टी हाय. लाडानं बिघडलीय." मग एक चापट द्यायच्या, आणि तरी थांबली नाही तर उचलून बाहेर ओट्यावर नेऊन बसवायच्या. तिथं ती हळूहळू शांत व्हायची. हे रोजचं होतं. मला वाटलं, या घराची ही अशीच रीत असणार.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एका बाईंचं नाव सांगितलं. त्या बाहेरगावी शिक्षण घेऊन आल्या होत्या आणि अशा मुलांचा छोटा वर्ग चालवायच्या. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांना घरी बोलावलं. सगळ्यांना वाटलं, बाई औषध देतील नाहीतर काही मंत्र सांगतील. त्या आल्या, कोपऱ्यात पाट घेऊन बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

वन्संचं किंचाळून झालं, ओट्यावर जाऊन ती गप्प झाली, तेव्हा बाईंनी विचारलं, "ओरडण्याआधी काय झालं?"

"काय न्हाय झालं. उगंच वरडती," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि ओरडल्यावर?"

"ओरडल्यावर काय, बाहीर नेली."

बाई म्हणाल्या, "म्हणजे ओरडल्यावर तिला बाहेर जायला मिळतं."

मामा बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, तुमची ही विद्या मी ऐकलीय. सर्कशीत वाघाला मांस दाखवून स्टुलावर बसवतात, तीच न्हवं का?"

बाईंना राग आला नाही. म्हणाल्या, "वाघाला काय पाहिजे, हे सर्कसवाला विचारत नाही. आपल्याला आधी तेच शोधायचंय. ही काहीतरी सांगतेय. तोंडानं सांगता येत नाही म्हणून अशी सांगतेय."

पहिला प्रयत्न फसला तो मात्र बाईंचाच. त्यांनी लेमनच्या गोळ्या आणल्या. शांत बसली की गोळी द्यायची, असं ठरलं. आत्याबाईंना ते मुळीच पटलं नाही. "पोटच्या पोरीला लाच द्यायची व्हय?"

"लाच वाईट कामासाठी देतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या सुनेनं भाकरी चांगली केली आणि तुम्ही तसं म्हणालात, तर ती लाच झाली का?"

मी खाली बघत परातीत पीठ मळत राहिले. माझ्या भाकरीबद्दल त्या घरात तोवर कुणी काही बोललेलं नव्हतं. खरं सांगायचं, तर ते उत्तर बाईंनी वन्संसाठी दिलं, पण लागलं मला. दुसऱ्या आठवड्यात आत्याबाई जेवता जेवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज पिठलं बरं झालंय." त्यानंतर मी कितीतरी दिवस पिठलं जरा जास्तच मनापासून केलं.

गोळ्या मात्र वन्संनी थुंकून टाकल्या. बाईंनी ते मान्य केलं. "मला गोड आवडतं म्हणून मी गोड आणलं. बक्षीस कशाला म्हणायचं, हे देणाऱ्यानं ठरवायचं नसतं," त्या म्हणाल्या, आणि परत कोपऱ्यात बघत बसल्या.

स्टोव्हचं माझ्या लक्षात आलं. मीच तो पेटवायची, म्हणून असेल. पंपाचा पितळी स्टोव्ह होता. पंप मारला की आधी भपका उठायचा आणि मग तो घरघरायला लागायचा. एका संध्याकाळी रॉकेल मिळालं नाही म्हणून मी चुलीवर स्वयंपाक केला, आणि वन्सं भिंतीशी आपली डोलत राहिली. मी दबकत बाईंना सांगितलं. मामांसमोर बोलायची मला सवय नव्हती. बाई म्हणाल्या, "उद्या स्टोव्ह पेटवा. काय होतं ते सगळेच बघू." पेटवला. आवाज चढला तशी तिनं आधी कानावर हात घेतले, मग मनगट तोंडात घातलं आणि किंचाळली. कानावरचे हात आम्हाला आजवर कुणालाच दिसले नव्हते.

आत्याबाई म्हणाल्या, "मी हिला रोज मारलं की."

"मारल्यावर ती क्षणभर थांबायची," बाई म्हणाल्या. "म्हणून तुमचा हात परत उठायचा. सवय तिला एकटीलाच लागली नव्हती."

हे बोलणं कठोर होतं, पण बाईंचा आवाज कठोर नव्हता.

ह्यांनी वातीचा स्टोव्ह आणला. तो वेळ लावायचा, पण आवाज करायचा नाही. मामांना वाटलं, झालं, संपलं. बाई म्हणाल्या, "जे आपल्याला बदलता येतं ते आधी बदलायचं. पण पिठाची गिरणी, लग्नातला बँड, हे तुम्ही कुठं कुठं बंद करणार? मला बाहेर न्या, हे तिला सांगता आलं पाहिजे."

मग ते शिकवणं सुरू झालं. आवाज होणार असं दिसलं, की ओरडण्याआधीच मी तिचा हात धरून माझ्या तळहातावर ठेवायची, ही तिची बाहेर जायची खूण, आणि तिला लगेच ओट्यावर न्यायची. लगेच, हे महत्त्वाचं होतं. हातातलं काम तिथंच टाकून. पुढं पुढं मी तिचा हात पुरता धरायचं सोडलं, नुसता कोपराला स्पर्श करायची. मग तोही सोडला. आणि नुसतं ओरडली तर उचलून न्यायचं नाही. जवळ बसायचं, चावू द्यायचं नाही, तळहाताची आठवण करून द्यायची आणि मग न्यायचं.

त्या दिवसांत ती आधीपेक्षा जास्त ओरडायला लागली. आत्याबाई रडकुंडीला आल्या. "हे उलटंच झालं की."

"रोज उघडणारं दार एक दिवस उघडलं नाही, तर माणूस आधी जोरात वाजवतो," बाई म्हणाल्या. "आता शेजारचं दार उघडं आहे, ते तिला कळू द्या."

कळलं. कधी कळलं, तो दिवस मला सांगता येणार नाही. हळूहळू असं झालं, की भाकरी थापताना एक थंड हात माझ्या दंडावरून घसरत तळहातावर यायचा आणि पिठानं माखायचा.

मामांनी मग म्हटलं, आता ते डोलणंही बंद करा, लोक हसतात. बाईंनी नकार दिला. "तिच्या डोलण्यानं कुणाचं काय बिघडतं? तिला लोकांसारखी दिसायला लावणं हे माझं काम नाही."

आत्याबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न नातेपुत्याला होतं. वन्संला न्यावं की नको, यावर घरात बरीच बोलणी झाली. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "येऊ द्या." मांडवात त्या नवरीच्या मागं मानाचा दिवा धरून उभ्या होत्या. मी वन्संला घेऊन बायकांत बसले होते. अक्षता पडल्या आणि बँड सुरू झाला. तिनं कानावर हात घेतले. मी माझा हात पुढं केला, पण तिनं तो धरला नाही. गर्दीतून, माणसांच्या पायांतून वाट काढत ती सरळ आईकडं गेली आणि तिचा मोकळा हात धरला.

आत्याबाईंनी एकदा दिव्याकडं बघितलं. मग तो शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि पोरीला घेऊन मांडवाबाहेर चालत्या झाल्या. मागं कुणीतरी पुटपुटलं, भर मुहूर्तावर दिवा सोडून गेली म्हणून. मी बाहेर गेले तेव्हा दोघी लिंबाखाली बसल्या होत्या. वन्सं डोलत होती. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाल्या, "मला बोलावलं तिनं."

वन्सं कधी बोलली नाही. ते होईल असं बाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. तिनं पुढं नको म्हणायचंही शिकून घेतलं. नको असलेलं ताट ती सावकाश पुढं सरकवायची. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. दोडक्याची भाजी होती. मग त्यांनी ताट उचलून माझ्याकडं दिलं आणि म्हणाल्या, "न्हाय आवडत तिला. दही घाल."